सांडव्यापाशी अडकलेला सूर

ओस्मोने आपल्या आजाराची बातमी मला दिली ती प्रोग्राममध्ये चूक सापडल्यासारखी. सौनाचं वाफेचं स्नान झाल्यावर आम्ही त्याच्या धक्क्यावर तळ्यात पाय सोडून बसलो होतो. मध्ये कागदावर तळलेली मुइक्कू मासळी होती. त्याने डावा हात वर धरला आणि त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं पाहिलं.

"अंगठ्याकडे हुकूम जातोय, पण पोचत नाहीये," तो म्हणाला. "मधली तार मेलीय. उजवीकडचीही मरणार म्हणते डॉक्टरीण. मग पाय, मग जीभ."

"आणि मग?"

"मग खेळ खलास. सिर्क्कु, तो शेवटचा मासा तू खाणार आहेस की मी खाऊ?"

मी खाल्ला. रागाने खाल्ला, काट्यासकट. या माणसाला सरळ रडता येत नाही, आणि समोरच्यालाही तो रडू देत नाही. पस्तीस वर्षांच्या ओळखीत मी त्याच्यावर जेवढी चिडले तेवढी नवऱ्यावरही चिडले नाही, आणि नवऱ्याला तर मी सोडून दिलं.

मग तो म्हणाला, "ओंडके पुरा करू या. हात आहेत तोवर."

ओंडके म्हणजे आमचा खेळ. वार्काउस हे कागदाच्या गिरणीचं गाव, आणि शाळेत असताना आम्हा दोघांना त्या गिरणीच्या वासाखेरीज दुसरं काही ठाऊक नव्हतं. ओस्मोकडे टीव्हीला जोडून खेळायचा निन्टेंडोचा करडा डबा होता. माझा बाप चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, म्हणून माझ्याकडे कान होते. आम्ही एक मंडळ काढलं, त्याला भलंमोठं भारदस्त नाव दिलं आणि त्यात सभासद दोनच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्या डब्यासाठी आपला स्वतःचा खेळ करायचा, आपल्या चित्रांचा, आपल्या गाण्याचा, असं ठरलं. अर्धा केला. मग तो हेलसिंकीला गेला, मी लग्न केलं, तो परत आला, मी लग्न मोडलं, आणि खेळ अर्धाच राहिला.

खेळ सोपा होता. पूर्वी आमच्या नदीतून जंगलातले ओंडके गिरणीपर्यंत वाहत आणत, आणि त्या ओंडक्यांवर उड्या मारत त्यांना वाट दाखवणारे गडी असत. ओस्मोचा आजोबा त्यांतला. खेळातला गडीही तोच, लाल टोपी घातलेला. एका ओंडक्यावर जास्त वेळ थांबलं की ओंडका गरकन फिरतो आणि गडी बुडतो. म्हणून उडी मारत राहायचं, गिरणीच्या सांडव्यापर्यंत. सांडवा पार केला की काठ, आणि काठाला पाय लागला की खेळ जिंकला. काठासाठी मी एक वेगळी धून केली होती, लहानशी, आठ ओळींची. बाकीचं सगळं संगीत त्या धुनेकडे धावत जातं अशी माझी रचना होती. सोळाव्या वर्षी केलेली ती धून मी पुढे कधी बदलली नाही, कारण तिच्याहून बरं मला काही सुचलं नाही.

आणि इथेच आमचं भांडण होतं. त्या डब्याला एका वेळी चारच आवाज काढता येतात: दोन किणकिणणारे, एक खाली घुमणारा आणि एक नुसती खरखर. खरखरीवर ओस्मोने नदी वाहवली होती. उरलेल्या तिघांत माझं गाणं. पण गड्याने उडी मारली की उडीचा 'टुइप' असा आवाज पहिल्या किणकिणीवर यायचा, आणि माझी मुख्य चाल तिथेच तर होती. म्हणजे दर उडीला चालीचा एक घास कापला जायचा. आणि या खेळात तर उड्याच उड्या. माझं गाणं उंदरांनी कुरतडलेल्या पावासारखं ऐकू यायचं.

"उडी खरखरीवर टाक," मी शाळेत असताना म्हणत होते, आणि आताही म्हणत होते.

"खरखर नदीची आहे."

"नदी मिनिटभर गप्प बसली तर काय होईल?"

"नदी गप्प बसत नसते, बये. आणि लोक उडी मारायला खेळतात, तुझं गाणं ऐकायला नाही. गाणं ऐकायचंय तर चर्चमध्ये जा."

"तिथे माझा बाप वाजवायचा. म्हणून तर तुझ्याकडे आले."

"मग नाचता येईना आणि अंगण वाकडं," तो म्हणाला, आणि अंगठ्याच्या जागी करंगळीने कळ दाबून त्याने गड्याला ओंडक्यावरून उडवलं. टुइप.

त्या हिवाळ्यात मी पुस्तकांची बस चालवून झाली की रोज त्याच्याकडे जायचे. आमच्या गावच्या वाचनालयाची ती बस खेड्याखेड्यांतून फिरते, आणि शेवटचा थांबा ओस्मोच्या घरापासून जवळ. त्याची बहीण मार्युत त्याच्याकडे राहायला आली होती. ती दार उघडायची, कॉफी टाकायची, वेलदोड्याचा पाव कापायची आणि म्हणायची, "या बाई. आमचं मूल खेळायला बसलंय." मार्युत परिचारिका होती आणि तिला हे सगळं खूळ वाटायचं. पण तिने कधी थांबवलं नाही.

खेळ पुढे सरकत होता. संगणकावर त्या करड्या डब्याचं सोंग घेणारा प्रोग्राम असतो, त्यात ओस्मो चालवून बघायचा. त्या सोंगात खेळ सुरुवातीपासून काठापर्यंत चालला. मी स्वतः पाहिलं. लाल टोपीवाला काठावर चढला, आणि माझी आठ ओळींची धून वाजली. मी ओरडणारच होते, पण ओस्मो मान हलवत होता.

"हे धरायचं नाही."

"का? संपला की खेळ."

"सोंगावर संपला. खऱ्या डब्यावर संपायला पाहिजे. नाहीतर तो खेळ नव्हे, खेळाचा फोटो."

जुन्या डब्यांवर खेळ करणाऱ्या आमच्या या हौशी लोकांत हा कायदाच आहे. खऱ्या यंत्रावर चालत नसेल ते चालतच नाही, आणि अर्धवट गोष्ट कुणाला दाखवायची नाही. कुओपिओला दर शरदात एका शाळेच्या व्यायामशाळेत या लोकांचा मेळावा भरतो. तिथे जुन्या टीव्हीला जुना डबा जोडून खेळ लावतात, आणि दाढीवाले पुरुष हाताची घडी घालून बघतात. सोंगावरचा खेळ नेला तर कुणी अपमान करत नाही. नुसती कॉफी विचारतात. त्याहून अपमान बरा.

ओस्मोने खेळ चिपवर उतरवला, चिप करड्या कॅसेटमध्ये बसवली, कॅसेट डब्यात घातली. गडी उड्या मारत निघाला. नदी खरखरली, गाणं कुरतडत वाजलं, आणि सांडवा आल्यावर पडदा गोठला. गडी हवेत, अर्ध्या उडीत. आणि गाण्यातला जो सूर त्या क्षणी चालू होता तो तसाच चालू राहिला. डब्याचा मेंदू थांबला तरी आवाजाच्या भागाला कुणी 'पुरे' म्हटलेलं नसतं, म्हणून तो शेवटचा सूर धरून बसतो. टीव्ही बंद करेपर्यंत तो थांबत नाही.

मार्युत स्वयंपाकघरातून म्हणाली, "धुराची घंटा वाजतेय. काही जळतंय का?"

त्या दिवसापासून आमच्यापुढे एकच काम उरलं. लाल टोपीवाल्याला खऱ्या डब्यावर सांडवा पार करवायचा. ओस्मोचे हात जाण्याआधी.

पडदा का गोठतो ते त्याने ओळखलं होतं. सांडव्यावर पाणी वर संथ आणि खाली वेगात वाहतं. तसं दाखवायला पडद्याचं चित्र रंगत असताना नेमक्या क्षणी मध्येच हात घालावा लागतो. त्या क्षणाची प्रोग्राम वाट बघत बसतो. सोंगात तो क्षण येत होता, खऱ्या डब्यावर येत नव्हता, आणि प्रोग्राम स्टेशनवर विसरलेल्या म्हातारीसारखा जन्मभर वाट बघत राहत होता.

"मग पाणी एकाच वेगाने वाहू दे," मी म्हणाले. "कोण बघतंय?"

"आजोबा बघतोय. तो तिथेच बुडाला."

मी पाव खाल्ला.

पण पंधरा दिवसांनी त्याचा उजवा हातही टेबलावरून उचलेना, तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "बरं. काढून टाकू. आजोबाला सांगेन मी, भेटलो की." मी त्याच्या खुर्चीत बसले, तो शेजारी चाकांच्या खुर्चीत. तो सांगायचा आणि मी टंकायचे. यंत्राच्या भाषेतले तीन-तीन अक्षरांचे हुकूम, एकामागून एक. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

"आता हाउकीमध्ये जा."

"कुठे?"

"हाउकी. वरून शोध."

ही त्याची शाळेपासूनची खोड. प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याला त्याने माशाचं नाव दिलं होतं. उडी म्हणजे आह्वेन, पाणी म्हणजे हाउकी, ओंडके म्हणजे मुइक्कू, आणि काही माशांची कामं तर त्यालाही आठवावी लागत. बाजूला एका शब्दाची टीप नाही. टीप लिहिणं त्याला मानहानीचं वाटायचं. "ज्याला कळतं त्याला गरज नाही, ज्याला कळत नाही त्याने हात लावू नये," असं तो वयाच्या सोळाव्या वर्षापासून सांगत आला. शिवाय जागा वाचवायला त्याने एकेका माशाला दोनदोन कामं लावलेली. चिपवर जागा तेवढीच होती, आणि जागा वाचवण्यात त्याचा गर्व होता.

आम्ही हाउकी कापला. चालवून पाहिलं. सांडव्यावर गडी थांबला नाही, पण ओंडके नाहीसे झाले. आम्ही ओंडके दुरुस्त केले तर गडी उलटा चालायला लागला. गडी सरळ केला तर माझं गाणं दुप्पट वेगाने धावलं.

"गाणं का?" मी विचारलं. "गाण्याचा पाण्याशी काय संबंध?"

ओस्मो पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत नाही."

हे वाक्य मी त्याच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं. त्यातले निम्मे मासे त्याने शाळेत असताना लिहिले होते, आणि नव्याने लिहायला बसला तेव्हा जुने तसेच आत घेतले होते, कारण चालत होते. सोळा वर्षांच्या ओस्मोच्या डोक्यात काय होतं ते आताच्या ओस्मोला कळेना. आणि त्या पोराला विचारायला जायची वाट नव्हती.

"कुओपिओच्या कुणाला तरी बोलावू या," मी म्हणाले. "तिथले लोक हुशार आहेत."

"ते सहा महिने वाचत बसतील. माझ्याकडे सहा महिने नाहीत." मग पडद्याकडे बघत, "आणि त्यांना हे वाचू द्यायचं नाही. लाज वाटते."

"मरताना कसली लाज रे गाढवा?"

"मरतानाच तर," तो म्हणाला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. मी कोट घातला, बाहेर आले आणि बसमध्ये बसून रडले. पुस्तकं ऐकत होती, पण ती कुणाला सांगत नाहीत.

आम्ही कापलेलं सगळं परत होतं तसं लावलं. म्हणजे पुन्हा सांडव्यापाशी अडकलो.

वसंतात त्याची जीभ जड झाली. शब्द चिखलातून बूट ओढल्यासारखे यायचे. मार्युतला कळायचं, मला निम्मं कळायचं. मग इस्पितळाने डोळ्यांनी चालवायचं यंत्र दिलं. अक्षराकडे बघत राहिलं की ते उमटतं. ते आल्यावर ओस्मोने मला निरोप पाठवला: काही दिवस येऊ नकोस, मी एकटा बसतो. माझ्या मनात त्या निरोपाने आशा उगवली, आणि मी ती उगवू दिली. मी बस चालवत होते, खेडेगावच्या बायकांना खुनाच्या कादंबऱ्या देत होते आणि मनात म्हणत होते, सापडला असणार त्याला तो क्षण. डोळ्यांनी एकेक अक्षर वेचत असेल. हा माणूस सोडणारा नाही.

मार्युतने फोन केला तेव्हा तळ्यावरचा बर्फ वितळायला येऊन काळा पडला होता. "ये," ती म्हणाली. "म्हणतोय झालं. डोळे लाल करून घेतलेत नुसते. मी ओरडून ओरडून दमले."

मी खेळ चिपवर उतरवला. त्याने हे मला शिकवून ठेवलं होतं. कॅसेट डब्यात घातली. ओस्मो खुर्चीत, मानेला पट्टा, डोळे माझ्यावर. मार्युत दारात उभी. मी खेळ सुरू केला.

पहिल्या उडीलाच माझा हात थबकला. टुइप झालंच नाही. त्या जागी पाण्याचा एक बारीक चुबुक आला, खरखरीवर. माझी चाल वर अखंड चालू होती. मी आणखी उडी मारली. चुबुक. पुन्हा. गाणं कुठेच तुटेना. पस्तीस वर्षांत मी ते या डब्यातून असं सबंध ऐकलं नव्हतं, आणि चांगलं होतं ते, खरंच चांगलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की नदी गप्प आहे. त्याने नदी काढून टाकली होती.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो बघत होता. मला वाटलं, हे वरचं बक्षीस आहे. आधी सांडवा सुधारला असेल आणि उरलेल्या वेळात हे केलं असेल. म्हणून मी नीट खेळले, जन्मात खेळले नाही इतकं नीट. एकदाही बुडले नाही. पाइनची झाडं मागे गेली, पूल मागे गेला, गिरणीची धुराडी आली. सांडवा आला. मी उडी मारली.

गडी हवेत राहिला. सूर लागून राहिला.

खोलीत तो सूर वाजत होता. मी त्याच्याकडे वळले. "हे नाही सुधारलंस?"

त्याचे डोळे यंत्रावर हलू लागले. यंत्राचा आवाज हेलसिंकीच्या कुण्या बातम्या देणाऱ्या बाईचा असावा तसा होता, आणि त्या आवाजात ओस्मोचं बोलणं ऐकणं मला कधी जमलं नाही. "सापडलं नसतं," यंत्र म्हणालं. "शोधलं. नाही सापडत. हे सापडलं. आह्वेन सोपा मासा आहे."

"मला गाणं नको होतं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "कुणी मागितलं होतं गाणं? तो काठावर पोचलेला हवा होता मला. तेवढंच हवं होतं. तुझे उरलेले डोळे तू माझ्या टुइपवर घालवलेस?"

मार्युत म्हणाली, "सिर्क्कु, पुरे."

डोळे पुन्हा हलले. वेळ लागला. सूर वाजतच होता, त्याला काय. "पस्तीस वर्षं," यंत्र म्हणालं, "डोकं खाल्लंस."

मी हसले. हसू आलं म्हणून हसले, आणि मग जे व्हायचं ते झालं. मी त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. ते गुडघे इतके हलके झाले होते की मी भार टाकायला घाबरत होते. माझ्या डोक्यावर ठेवायला त्याला हात नव्हता. त्यामुळे आम्ही तसेच बसलो, आणि शेवटी मार्युतनेच टीव्ही बंद केला.

जूनमधल्या मिडसमरच्या सणाआधी तो गेला. श्वास थांबला, मार्युत म्हणाली, फार त्रास झाला नाही. परिचारिका नेहमी असंच म्हणतात, पण मी विश्वास ठेवायचं ठरवलं.

दफनाच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. हातात पावाची पिशवी, डोळे कोरडे. चर्चमध्ये त्याचं असं काहीतरी वाजवावं असं तिच्या मनात होतं. "तुमच्या त्या खेळाच्या शेवटी एक धून आहे ना? तो संगणकावर लावायचा, रात्रीबेरात्री. मला आवडायची. तुझे वडील नाहीत, पण तू वाजवशील ऑर्गनवर?"

"ती नाही वाजवता येणार."

"का? अवघड आहे?"

"सोपी आहे. आठ ओळी." मी कॉफी ओतली. "ती काठावर पोचलेल्याची धून आहे, मार्युत. तो पोचला नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू फार कठोर बाई आहेस."

"त्याचाच कायदा आहे," मी म्हणाले.

तिने पिशवीतून कॅसेट काढली आणि टेबलावर ठेवली, करडी, तिच्यावर ओस्मोने हात चांगले होते तेव्हा चिकटवलेलं लाल टोपीचं चित्र. मग ती कॉफी न पिता गेली. चर्चमध्ये मी नेहमीचं भजन वाजवलं.

दफनाहून आल्यावर मी काळे कपडे न बदलताच ओस्मोच्या घरून आणलेला डबा टीव्हीला जोडला. खिडकीतून ऊन आत आलं होतं, पडदा नीट दिसत नव्हता, पण मला दिसायची गरज नव्हती. उडी, चुबुक, उडी, चुबुक. नदी गप्प. गाणं सबंध. झाडं, पूल, धुराडी.

माझी धून त्या कॅसेटमध्ये आहे. आठही ओळी, शेवटच्या सुरासकट, सांडव्याच्या पलीकडे. चिप उघडून बघितली तर सापडेल. पण तिथवर जायची वाट ज्याच्या डोक्यात होती त्याला आज आम्ही मातीत ठेवून आलो.

मी उडी मारली. गडी हवेत राहिला आणि एक सूर धरून बसला. दर खेपेला वेगळा असतो, कधी वरचा, कधी खालचा, जिथे पोचू तिथला. आजचा खालचा होता. मी तो चालू ठेवून स्वयंपाकघरात गेले, कालचा मार्युतचा कप धुतला, माझा धुतला, कॉफीचं भांडं धुतलं. शेजाऱ्याने भिंतीवर टकटक केली. मी हात पुसले, बाहेर आले आणि डबा बंद केला.